मेजवानी, पंगत की जेवणावळ? पत्रिकेत नेमकं काय लिहावं?

शेवंती (धागाकर्ती)

मंडळी, एका शब्दावर आमच्या घरात चार दिवस घोडं अडलंय, म्हणून इथे विचारते.

वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन करतोय. ऐंशी वर्षं आणि साधारण दहा महिने झाले की हजार पौर्णिमा भरतात, हा हिशोब त्यांनी स्वतः वहीत मांडून दाखवला. पत्रिकेचा मजकूर मी लिहिला. शेवटची ओळ अशी होती: "समारंभानंतर मेजवानीचा आस्वाद घ्यावा ही विनंती." बाबांनी बाकी सगळं वाचलं, मान डोलावली आणि 'मेजवानी'वर शिसपेन्सिलीने काट मारली. वर एवढंच म्हणाले, "मेजवानी आपण म्हणायची नसते. जेवून उठलेल्याने म्हणायची असते."

मग काय लिहू? तर म्हणे, "पंगत लिही." आईचं म्हणणं, पंगत लिहिलं की लोकांना वाटेल खाली बसायचंय, आणि येणाऱ्यांपैकी निम्म्यांचे गुडघे गेलेत. भावाने स्नेहभोजन सुचवलं. बाबा म्हणाले, "ते ऑफिसातलं." धाकटे काका जेवणावळ म्हणाले, तर आईला त्यात तेराव्याचा वास आला.

मला खरंच समजून घ्यायचंय. मेजवानी या शब्दात बढाई आहे का? आणि हे तीन शब्द तुम्ही कुठे, कसे वापरता?

गाडीवान

शब्द फारसीतला. तिथे मेजबान म्हणजे यजमान आणि मेजबानी म्हणजे यजमानपण, पाहुणचार. हिंदी-उर्दूत आजही हाच अर्थ आहे. एखाद्या शहराने स्पर्धेची 'मेजबानी' केली अशी हिंदी बातमी येते, तेव्हा तिथे जेवणाचा काही संबंध नसतो.

मराठीत येताना 'बान'चा 'वान' झाला, जसा दरबानचा दरवान आणि बागबानचा बागवान. आणि अर्थही सरकला. पाहुणचार करण्याच्या कृतीवरून तो थेट पाहुणचारात वाढलेल्या जेवणावर आला. यजमान मागे राहिला, ताट पुढे आलं. तरी मुळात शब्द यजमानाचा आहे, त्यामुळे तुमच्या बाबांना त्यात 'बघा, मी देतोय' असं ऐकू येत असेल तर त्यांचा कान पक्का आहे.

पेशवाईतल्या कागदांत 'ज्याफत' असा अजून एक शब्द भेटतो, अरबी जियाफतवरून आलेला. अर्थ हाच. तो पार गेला, मेजवानी टिकली.

तिखटमीठ

मेज म्हणजे टेबल ना? मग शेवंतीताई, आईंचा प्रश्न मिटला की! मेजवानी लिहा, गुडघेवाल्यांना खुर्ची आपोआप मिळाली.

रंकाळा

आमच्याकडं तिन्हीतला एकबी शब्द लागत नाही. "रविवारी जेवाण हाय" एवढं म्हटलं की गावाला कळतं, बोकड पडलंय. मटण नसलं तर मात्र आधीच सांगावं लागतं, "गोडं जेवाण हाय," म्हणजे कोणाचा हिरमोड होत नाही. तेव्हा ताई, कोल्हापूरकडचे पाहुणे असतील तर पत्रिकेत 'गोड' हा शब्द कुठंतरी घालाच.

रानवारा

बीडकडचा शब्द सांगतो: कंदुरी. पिराला नवस बोललेला असतो, तो फिटला की दर्ग्यापाशी नाहीतर शेतात बोकड कापायचा आणि भावकी, सोयरे, गाव जेवू घालायचं. आमच्याकडं ती मुसलमानही करतात आणि हिंदूही. माझ्या आजोबांनी बैल दुखण्यातून उठला म्हणून केली होती.

कंदुरीला पत्रिका नसते, सांगावा असतो. आणि सांगावा आल्यावर नाही म्हणायचं नसतं. घरातलं कोणी आजारी असलं तर भाकरीत गुंडाळून वाटा घरपोच येतो. मेजवानी हा शब्द तिथं कोणी काढला तर लोक हसतील. मेजवानी म्हणजे साहेब लोकांची, डाक बंगल्यावरची. आम्ही लहानपणी हा शब्द फक्त पुस्तकात वाचला.

कावेरी

रानवारा, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. मी काही वर्षं क्वालालंपूरला होते. शेजारच्या मलय बाईंनी एकदा 'केंदुरी'ला बोलावलं. मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला होता, म्हणून प्रार्थना आणि मग सगळ्या आळीला जेवण. लग्नालाही केंदुरी, कोणी गेलं तरी केंदुरी. मला तेव्हा वाटलं होतं की हा अस्सल तिकडचाच शब्द. आपल्या बीडात तोच आहे?

गाडीवान

तोच. फारसीत कंदुरी म्हणजे जेवताना खाली अंथरायचं कापड किंवा कातडं, आपण दस्तरखान म्हणतो ते. कापडाचं नाव जेवणाला पडलं. एक वाट दख्खनेत आली, दुसरी समुद्रापार मलय मुलखात गेली. दोन्हीकडे शब्दाचं कापड विरलं आणि जेवण तेवढं उरलं.

अक्षरवेल

हे भलतंच गोड आहे, कारण सगळीकडे असंच झालेलं दिसतं. 'बँक्वेट' हा शब्द इटालियन भाषेतल्या छोट्या बाकड्यावरून आलाय. 'बुफे' म्हणजे फ्रेंचमध्ये ताटं-भांडी ठेवायचं फडताळ. मेजवानीत मेज आहे. कंदुरीत कापड.

आणि आपल्याकडे? "पाट-पाणी घ्या" म्हटलं की जेवायची वेळ झाली. "पानं वाढली" म्हटलं की लोक हात धुऊन येतात. बसायचं लाकूड आणि वाढायचं पान, एवढ्यावर आपलं भागतं.

पंगत मात्र वेगळी. ती कुठल्या वस्तूवरून आलेली नाही, माणसं कशी बसली त्यावरून आली आहे. संस्कृत पंक्ति. तिचं मूळ पंच, म्हणजे पाचांचा गट. म्हणूनच पंक्ति नावाच्या वैदिक छंदात आठ-आठ अक्षरांचे पाच चरण असतात. पुढे त्याचा अर्थ रांग झाला, आणि दहा हा आकडाही. दशरथाला 'पंक्तिरथ' म्हटलेलं सापडतं ते त्यामुळे. पाच माणसं ओळीने बसली की पंगत झाली, ही कल्पना मला फार आवडते.

सडेतोड

मला तेवढी आवडत नाही, आणि का ते सांगतो.

पंक्ति ही नुसती रांग कधीच नव्हती. रांगेत कोण बसू शकतो, याचे नियम मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहेत. ज्याच्या बसण्याने पंगत शुद्ध होते तो पंक्तिपावन, आणि ज्याच्यामुळे बिघडते अशांचीही यादी आहे. गावोगाव ते पाळलं गेलं. माझे आजोबा पाटलाच्या घरच्या लग्नात चुकून मांडवाच्या कडेच्या ओळीत बसले होते, नऊ-दहा वर्षांचे असतील. त्यांना हाताला धरून उठवलं आणि गोठ्यापलीकडे बसवलं. पुढ्यात तेच अन्न आलं. आजोबा सांगायचे, जिलबी तीच होती, पण ती त्यांनी खाल्ली नाही. त्यानंतर आयुष्यभर जिलबी खाल्ली नाही.

ज्या काळात महाडला तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला, त्या काळातली पंगत कशी होती हे वेगळं सांगायला नको. म्हणून 'पंगत' म्हटलं की काहींना आजोळ आठवतं आणि काहींना गोठा. मेजवानी परकी असेल, पण तिला हा डाग नाही.

शेवंती

सडेतोड, हे लिहिल्याबद्दल आभार. मी हा प्रतिसाद आज रात्री बाबांना वाचून दाखवणार आहे.

दिंडीदरवाजा

सडेतोड, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि त्याला फाटा द्यायचा नाही. पण पंगतीची दुसरीही बाजू याच शब्दात आहे. एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक ब्राह्मणांआधी अंत्यजांना वाढला, ही पैठणची कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. शिखांच्या लंगरात बसण्याला 'पंगत'च म्हणतात, आणि तिसरे गुरू अमरदास यांच्यापासून चालत आलेला दंडक आहे: आधी पंगत, मग संगत. गुरूंचं दर्शन हवं तर आधी सगळ्यांच्या ओळीत बसून जेवा. रांग तीच, बसवणाऱ्याने ठरवलं की तिचा अर्थ उलटतो.

सडेतोड

बरोबर. आणि म्हणूनच आपल्याकडे सुधारकांना 'सहभोजन' हा शब्द वेगळा करून वापरावा लागला. रत्नागिरीला १९३१ मध्ये पतितपावन मंदिर झालं, त्याच्या आगेमागे तिथे सहभोजनं चालायची. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं घातली. पक्वान्न मुद्दाम टाळलं, कारण मुद्दा कोण कोणाच्या शेजारी बसतो हा होता. 'पंगत' या शब्दात ते आपोआप असतं तर 'सह' जोडायची वेळ आली नसती.

पाटावरवंटा

'पंक्तिप्रपंच' हा शब्द कोणी अजून काढला नाही! एकाच पंगतीत एकाला तूप धारेने आणि दुसऱ्याला चमच्याने. आमची आजी वाढताना कोणा नातवाला लाडू जास्त पडला की दुसरा लगेच ओरडायचा, "आजी, पंक्तिप्रपंच!" सात वर्षांच्या पोराच्या तोंडी एवढा जड शब्द, पण अर्थ अगदी चोख कळायचा.

मात्रावेलांटी

पस्तीस वर्षं मुद्रितशोधन केलं, त्यामुळे सवयीने मी नामापेक्षा क्रियापद आधी बघतो. शेवंती, तुमच्या बाबांच्या पेन्सिलीचं उत्तर मला क्रियापदात दिसतं.

मेजवानी *देतात*. देणारा एक, घेणारा दुसरा. पाहुणे ती *झोडतात*, तिच्यावर ताव मारतात, आडवा हात मारतात. ही सगळी क्रियापदं भरपेट आहेत, थोडी उधळीही. मेजवानीला कारण आनंदाचं लागतं. तेराव्याची मेजवानी मराठीत होऊच शकत नाही, कोणी तसं लिहिलं तर कान लाल होतील.

जेवणावळ *घालतात*. या 'घालणे'कडे नीट बघा. आई लेकराला जेवायला घालते, गावाला जेवण घालतात, तेरावं घालतात, सवाष्ण जेवू घालतात. त्यात ऋण फेडण्याचा, पुण्य जोडण्याचा भाव आहे, म्हणून ती सुखात चालते आणि दुःखातही. आईंना तेराव्याचा वास आला तो या क्रियापदाचा.

पंगत मात्र कोणी देत नाही आणि घालतही नाही. पंगत *बसते*. पंगत *उठते*. वाक्यात यजमान औषधालाही सापडत नाही. ऐंशी पार केलेल्या माणसाला स्वतःच्या समारंभाच्या पत्रिकेत हेच क्रियापद हवंसं वाटलं, यात मला नवल वाटत नाही.

तिखटमीठ

मात्रावेलांटीकाका, या एका प्रतिसादासाठी तुम्हाला मेजवानी दिली पाहिजे. म्हणजे, घातली पाहिजे. म्हणजे... बसू कधीतरी!

सडेतोड

प्रतिसाद सुंदर आहे. पण 'पंगत बसते' या वाक्यात यजमान दिसत नाही, तसा बसवणाराही दिसत नाही आणि हाताला धरून उठवणाराही दिसत नाही. माझी अडचण नेमकी तिथे आहे.

मात्रावेलांटी

मान्य. अकर्मक क्रियापदामागे बरंच काही लपतं. हे मला सुचायला हवं होतं.

धुणीभांडी

जेवणावळमधलं 'आवळ' कुठून आलं? शिवणावळ म्हणजे शिवायची मजुरी, दळणावळ म्हणजे दळायची, धुणावळ धुवायची. खाणावळीत पैसे देऊन खातात. मग जेवणावळ म्हणजे मुळात पैसे देऊन जेवण असायला हवं?

अक्षरवेल

दोन वेगळे 'आवळ' आहेत. शिवणावळ, दळणावळमधला प्रत्यय मोबदल्याचा. जेवणावळीत 'आवलि' म्हणजे ओळ आहे, जी दीपावलीत आहे आणि पत्रावळीतही. पत्रावळ म्हणजे पानांची ओळ, जेवणावळ म्हणजे जेवणाऱ्यांची. अर्थावरूनच ताडून बघा, जेवणावळीला कोणी कधी पैसे मोजलेत का?

धुणीभांडी

आहेराचं पाकीट धरायचं की नाही? (गंमत करतेय, पटलं.)

अक्षरवेल

म्हणजे गंमत बघा, पंगत आणि जेवणावळ या दोन्ही शब्दांच्या पोटात ओळच आहे. एक संस्कृतातून झिजत आला, दुसरा मराठीने जोडून घेतला.

उपसंपादकाची_डुलकी

वर्तमानपत्रात काम केलं असल्याने एक मुद्दा मांडतो. आम्ही मेजवानी अशी वापरली की तिचं पीठ झालं. "रसिकांना सुरांची मेजवानी." "वाचकांसाठी दिवाळी अंकांची मेजवानी." "क्रिकेटप्रेमींना धावांची मेजवानी." रोज एक तरी मथळा असायचाच. याच कामाला दुसरा शब्द 'पर्वणी'. तो तर मूळचा पुण्यस्नानाचा मुहूर्त, पण आता सवलतीच्या साड्यांनाही पर्वणी लागते.

आता असं करून बघा: "सुरांची पंगत." "धावांची जेवणावळ." जमतच नाही. पंगतीला माणसं लागतात, बूड टेकून बसलेली. मेजवानीला फक्त रेलचेल लागते, ती कशाचीही चालते. बाबांना मेजवानी पोकळ वाटली असेल तर त्यात आम्हा लोकांचाही हात आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मोगरा

थोडं विषयांतर करते. जेवणाच्या निमित्तावरून मराठीत किती शब्द होते! लग्नाआधी नवऱ्यामुलाला किंवा नवरीला नातेवाईक बोलावतात ते केळवण. त्यालाच जुना शब्द गडगनेर. काशीयात्रेहून आल्यावर घालतात ते मावंदं. गर्भारशीचं डोहाळजेवण. आवळीच्या झाडाखालचं आवळीभोजन. सप्ताहाच्या शेवटी काला आणि भंडारा. दार सगळ्यांना उघडं ठेवलं की मुक्तद्वार. पितरांचा म्हाळ. आता सगळ्याला एकच शब्द: पार्टी. केळवणाचीसुद्धा 'केळवण पार्टी' झालीय, परवाच आमंत्रण आलं.

कोकणकडा

म्हाळ आमच्याकडे अजून ठणठणीत आहे. पितृपक्षात आज ह्याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. मुंबईचे चाकरमानीसुद्धा रजा टाकून येतात.

जुईली

केळवण हे केळीच्या पानावरून ना?

गाडीवान

पुष्कळांना तसं वाटतं, कारण पान समोर असतं. पण 'केळवणे' हे क्रियापद आहे: जोपासणे, लाडाने वाढवणे. गुजरातीत 'केळवणी' म्हणजे चक्क शिक्षण! एकाच मुळातून तिकडे मुलांना शिकवणं आलं आणि इकडे लग्नाळू मुलांना जेवू घालणं.

जुईली

म्हणजे माझ्या आईने पंधरा केळवणं करवली तेव्हा मी पंधरा वेळा केळवली गेले. लग्नात ब्लाऊज बसेना त्याचं कारण आज कळलं.

वाढपी

आमचा तिसऱ्या पिढीचा आचाऱ्याचा धंदा आहे, म्हणून चार शब्द.

आमच्या वहीत 'माणसं' कधीच लिहीत नाहीत. "पानं किती?" हाच पहिला प्रश्न. दोनशे पानं, साडेतीनशे पानं. आता केळीचं पान कोणी मागत नाही, तरी मोजतो पानंच. बुफेवाले 'प्लेटा' मोजतात. फरक नुसत्या शब्दाचा नाही. प्लेट माणूस स्वतः उचलून घेतो, पान त्याच्यासाठी आधी मांडून ठेवलेलं असतं.

पंगतीचं काम बुफेपेक्षा कठीण. पानाची डावी बाजू आधी भरायची: मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, तूप शेवटी. तूप पडलं की सुरुवात. वाढप्याला अख्खी ओळ डोळ्यांत ठेवावी लागते, कोणाचा भात संपला, कोण लाजतंय, कोण हात आडवा धरून पण नजरेने 'अजून एक' म्हणतंय. माझे वडील सांगायचे, दोनदा विचार, तिसऱ्यांदा पानाकडे बघ. तिसऱ्यांदा तोंडाने आग्रह केला की ते अन्न उष्ट्यात जातं.

बुफेला पूर्वी पत्रिकेत 'स्वरुचिभोजन' छापायचे. आपल्या रुचीने आपणच घ्या. चांगला शब्द होता, पण जेवायला आलेले म्हातारे विचारायचे, "स्वरुची ही कोण?"

रंकाळा

स्वरुची ही कोण... आईशप्पत, चहा सांडला.

खानदेशी

आमच्याकडे भरीत पार्टी, वरण-बट्टी. 'पार्टी' शब्दाला सरसकट झोडपू नका. शेतात वांगी भाजत आठ जण उकिडवे बसले की ती पंगत नसते, मेजवानी नसते. पार्टीच असते आणि झकास असते. विदर्भात रोडग्यांचं तेच.

मोगरा

झोडपत नव्हते हो. एकाच शब्दाने सगळ्यांची जागा घेतली एवढंच खटकलं. तुमच्या भरताचा पत्ता द्या.

दवबिंदू

मूळ प्रश्नावर माझं मत: पत्रिकेत 'भोजन' लिहावं आणि मोकळं व्हावं. "भोजनाची वेळ : दुपारी १२.३०". साधं, सगळ्यांना कळणारं, कोणाला टोचत नाही.

मात्रावेलांटी

टोचत नाही हे खरं. लागतही नाही.

नर्मदातीर

मी मेजवानीच्या बाजूने एक बोलू का? इथे बिचारीला फारच बोल लागले. आम्ही दोघं नोकरीच्या गावी, नातेवाईक लांब. पहिल्या पगारातून शेजारच्या तीन कुटुंबांना बोलावलं होतं. दोन खोल्या, सतरंजी, उसने वाडगे. बायकोने चार पदार्थ केले, श्रीखंड बाहेरून आणलं. जेवून उठताना शेजारचे आजोबा बायकोला म्हणाले, "पोरी, मेजवानी दिलीस आज." तिला तो शब्द चाळीस वर्षं पुरला. अजून कधी काही बिनसलं तर मी तोच म्हणतो. बढाई शब्दात नसते, कोणाच्या तोंडून येतो त्यात असते.

गाडीवान

नर्मदातीर, तुम्ही नकळत शेवंतीच्या बाबांचंच वाक्य सिद्ध केलंत. जेवून उठलेल्याने म्हटली, म्हणून ती मेजवानी.

नर्मदातीर

अरे खरंच की. हे लिहिताना ध्यानात आलं नव्हतं.

शेवंती

मंडळी, उशिरा येतेय. सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. दोन संध्याकाळी लागल्या, कारण ते मध्येमध्ये थांबवायचे.

कंदुरीशी हसले. फडताळावरून नाव पडलेला बुफे ऐकून म्हणाले, "तरीच उभ्याने जेवावं लागतं." सडेतोड, तुमच्या आजोबांचा प्रसंग वाचला तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जे सांगितलं ते मला आजवर ठाऊक नव्हतं. त्यांच्या मुंजीत गावात दोन पंगती बसल्या होत्या, एक मांडवात, एक मांडवाबाहेर. बाहेरच्या पंगतीत त्यांचा वर्गातला मित्र होता. बटू म्हणून त्यांना जागेवरून उठता आलं नाही, आणि उठता आलं असतं तरी उठलो असतो की नाही हे माहीत नाही, असं ते म्हणाले. त्या मित्राचं नाव घेतलं. तो आता नाही.

मी विचारलं, मग पंगत शब्द राहू दे की काढू? म्हणाले, "राहू दे. म्हणूनच राहू दे. पण एक लिही."

तर ओळ अशी ठरली आहे:

"दुपारी साडेबारा वाजता पंगत बसेल. सगळ्यांची एकच."

स्वयंपाकाची, मांडवाची, सफाईची माणसंही त्याच ओळीत बसणार. टेबल-खुर्च्या लावतोय, म्हणजे आईच्या गुडघेवाल्यांचीही सोय झाली. वाढायला घरचे उभे राहतील. अडचण एकच: पानं एकशे चाळीस आहेत आणि हॉलवाले म्हणतात दोन पंगती कराव्या लागतील. वाढपी, काही सुचवाल?

सडेतोड

शेवंती, बाबांना माझा नमस्कार सांगा. छापखान्यात 'एकच' गाळू देऊ नका. जागा पुरत नाही म्हणून शेवटचे दोन शब्द कापायची त्यांना सवय असते.

मात्रावेलांटी

आणि 'पंगत'चं 'पंक्ती' करून ठेवतील, शुद्ध म्हणून. प्रूफ स्वतः बघा.

वाढपी

होईल एका पंगतीत. टेबलं गोल नको, लांब लावा, एकीला एक जोडून, चार ओळी, ओळीला पस्तीस. मधल्या वाटा चार हात सोडा, दोन वाढपी पाठीला पाठ लावून जाऊ शकले पाहिजेत. ओळीला चार माणसं, म्हणजे सोळा. घरची दहा असतील तर सहा मी आणतो, त्यांना नंतर नाही, आधी जेवायला घालू, नाहीतर तुमचं 'एकच' खोटं पडेल... थांबा, आधी घातलं तरी पडेलच.

असं करू. पहिला भात होईपर्यंत माझी माणसं वाढतील. मग ती बसतील आणि पुढचं सगळं घरचे वाढतील. सहा पानं ओळीच्या टोकाला मांडून ठेवा. म्हणजे एकशे सेहेचाळीस. पत्रावळी दीडशे सांगा.